क्लच बिघडला की आधी पेडल बघा

उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा जुना ट्रॅक्टर चढाला लागतो. इंजिनाचा आवाज एकदम वर जातो, पण चाकांचा वेग वाढत नाही, उलट उतरतो. मागोमाग जळक्या लाइनिंगचा उग्र वास येतो. रस्त्याकडेला उभा असलेला कोणीतरी लगेच निकाल देतो, "प्लेट गेली, आता खोलावाच लागणार." कारखान्याची तोड ऐन भरात असताना ट्रॅक्टर गॅरेजला जाऊन बसतो. खोलल्यावर प्लेटवर चांगली जाडी शिल्लक निघते आणि खरा दोष बाहेरच्या सळईवरच्या एका नटात सापडतो. असं पुष्कळदा घडतं, आणि ते टाळता येण्यासारखं आहे. क्लच लोखंडी हाउसिंगच्या आत असल्यामुळे दिसत नाही. मात्र त्याच्या बहुतेक तक्रारी पेडल, आवाज आणि खाली ठिबकणारं तेल यांतून बाहेर कळतात. त्या वाचल्याशिवाय पान्याला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

खोलणं एवढं मोठं काम का होतं, हे ट्रॅक्टरच्या बांधणीवरून कळतं. ट्रकला खाली चासी असते आणि तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स वगैरे बसवलेले असतात. १९१७ पासून मोठ्या संख्येने निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरने ही चासीच काढून टाकली. इंजिन, मधलं हाउसिंग आणि मागचा धुरा एकमेकांना सरळ बोल्टने जोडले, म्हणजे ओतीव लोखंडाचे हे डबेच ट्रॅक्टरचा कणा झाले. हॅरी फर्ग्युसनचा १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडातल्या कव्हेंट्रीत बनलेला टीई-२० याच घडणीचा. त्याच्यानंतर आलेला ३५ नंबरचा फर्ग्युसन, जो पुढे मॅसी फर्ग्युसन ३५ म्हणून जगभर गेला, तोही तसाच. १९६० मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या टॅफे कंपनीने त्याच घराण्यातला १०३५ आपल्याकडे गावोगाव पोचवला. या ट्रॅक्टरांत क्लच नेमका इंजिन आणि मागचा भाग जिथे जोडले जातात त्या सांध्यात असतो. प्लेट बदलायची तर ट्रॅक्टरचे मधोमध दोन भाग करावे लागतात. छोट्याशा बेअरिंगसाठीही तेवढाच खटाटोप करावा लागतो.

आता आतली रचना बघू. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील फिरतं. त्याला लागून क्लच प्लेट असते, तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचं लाइनिंग रिव्हेट केलेलं असतं. प्लेटच्या मधल्या भागाला, म्हणजे हबला, आतून खाचा असतात, त्या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर बसतात. मागून प्रेशर प्लेट दणकट स्प्रिंगांच्या जोराने ही प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरते. म्हणजे पाय पेडलवर नसतो तेव्हा क्लच जोडलेला असतो आणि सगळी ताकद स्प्रिंगांच्या दाबावर मागे जाते. पेडल दाबलं की सळई ओढली जाते, आडवा शाफ्ट फिरतो, त्याच्यावरचा फोर्क रिलीज बेअरिंग पुढे ढकलतो. बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरवर, म्हणजे तिच्या छोट्या तरफांवर टेकतं. फिंगर आतल्या बाजूने दाबले गेले की प्रेशर प्लेट मागे खेचली जाते, क्लच प्लेट मोकळी होते आणि इंजिन फिरत असतानाही इनपुट शाफ्ट थांबतो.

पाय उचललेला असताना रिलीज बेअरिंग आणि फिंगर यांच्यात थोडी फट हवी. पेडलवर हीच फट फ्री प्ले म्हणून जाणवते. गावाकडचे मिस्त्री नुसतं 'प्ले' म्हणतात. क्लचच्या रोगनिदानात याच्याइतकी कामाची गोष्ट दुसरी नाही. कारण असं: लाइनिंग झिजून प्लेट पातळ होते, तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या आणखी जवळ सरकते आणि फिंगरची टोकं उलट्या दिशेने, बेअरिंगकडे येतात. प्लेट झिजत जाते तसा प्ले वाढत नाही, तो कमी होतो. झीज म्हटली की ढिलेपणा वाढणार असं वाटतं, त्यामुळे इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. प्ले संपला की फिंगर बेअरिंगवर कायमचे टेकून राहतात आणि पाय नसतानाही पेडल थोडं दाबल्यासारखी अवस्था होते. स्प्रिंगांचा काही जोर बेअरिंगवर खर्च होतो, प्लेटवरचा दाब घटतो आणि ती घसरू लागते. प्लेटमध्ये अजून जीव असतो, फक्त तिच्यावर दाब पुरेसा पडत नाही. याच अवस्थेत आठवडाभर ट्रॉल्या ओढल्या तर मात्र ती खरोखरच जळते.

प्ले मोजायला पाच मिनिटंही लागत नाहीत. इंजिन बंद करा, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, चाकांना दगड लावा. पेडल पायाने दाबू नका, पायाला फरक कळत नाही. हाताच्या तळव्याने दाबा. सुरुवातीला फक्त परतीच्या स्प्रिंगचा हलका विरोध लागतो. मग एका जागी पेडल अचानक जड होतं, तिथे बेअरिंग फिंगरला टेकलं. वरच्या जागेपासून त्या जड जागेपर्यंतचं अंतर टेपने पेडलच्या थाळीवर मोजा. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत ते इंचाच्या आसपास असतं, पण प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो आणि पुस्तिकेतला आकडाच खरा मानायचा. पुस्तिका हरवली असेल तर अधिकृत डीलरकडे तो मिळतो.

याच वेळी आणखी एक तपासणी उरकून घ्या. सळईच्या दोन्ही टोकांच्या पिना आणि त्यांची भोकं बघा. वर्षानुवर्षं धुळीत चालून भोक लांबट होतं, पिन अर्धी खाल्लेली असते. अशा वेळी पेडलवर इंचभर प्ले दिसतो खरा, पण तो पिनांमधला असतो आणि बेअरिंगपाशी फट उरलेलीच नसते. खात्री करायची तर एकाने पेडल हलवावं आणि दुसऱ्याने आडव्या शाफ्टच्या लिव्हरवर बोट ठेवावं. पेडल हललं तरी लिव्हर हलत नसेल तर आधी पिना बदला. नंतर लॉकनट सैल करून सळईच्या टोकाचा आट्यांचा योक फिरवा आणि प्ले लावून घ्या. योकच्या सगळ्या आट्या संपल्या आणि तरीही प्ले मिळत नाही, असं झालं की प्लेटची जाडी खरोखर संपली, हे समजावं. मग खोलण्याला पर्याय नाही.

क्लच घसरतो की नाही हे ठरवायला एक जुनी परीक्षा आहे. ट्रॉली सोडा. सपाट, मोकळ्या जागी दोन्ही ब्रेक लॉक करा आणि पुढे-मागे कोणी नाही हे बघा. सगळ्यात वरचा गिअर टाका, इंजिन मध्यम वेगावर ठेवा आणि नेहमीच्या गतीने पेडल सोडा. क्लच धड असेल तर इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. ते चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच करायची. पुन्हा पुन्हा केली तर उरलेलं लाइनिंगही त्यातच जळून जाईल.

प्ले बरोबर आहे आणि तरी क्लच घसरतो, तेव्हा संशय तेलावर घ्या. क्लच हाउसिंगच्या तळाला एक छोटं भोक असतं. बऱ्याच ट्रॅक्टरांत त्यात एक स्प्लिट पिन सैल अडकवलेली असते. ती लोंबकळत हलत राहते आणि भोक चिखलाने बुजू देत नाही. हे भोक चिंधीने पुसा, खाली कोरा पुठ्ठा ठेवा आणि दिवसभराचं काम झाल्यावर रात्रभर ट्रॅक्टर तिथेच उभा राहू द्या. सकाळी पुठ्ठ्यावर थेंब असेल तर बोटावर घेऊन बघा. काळंकुट्ट आणि पातळ असेल तर ते इंजिन ऑइल, म्हणजे क्रँकच्या मागच्या सीलमधून येतंय. पिवळसर तपकिरी, दाट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर ते गिअर ऑइल, म्हणजे इनपुट शाफ्टचं सील गेलं. मॅसी ३५ सारख्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकला एकच तेल असतं, ते मात्र थोडं पातळ लागतं. इंजिन ऑइल दिसलं तरी सीलला दोष देण्याआधी इंजिनाचा ब्रीदर पाइप साफ आहे का बघा. तो बुजला की क्रँककेसमधला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकललं जातं. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. लाइनिंगमध्ये मुरलेलं तेल प्लेट तापली की पुन्हा वर येतं.

याच भोकाची दुसरी बाजू भातवाल्यांनी लक्षात ठेवावी. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टर गुडघाभर पाण्यात चालतो, तेव्हा हे भोक बंद करायला अनेक कंपन्या प्लग देतात. भंडारा-गोंदियाकडे आणि कोकणात रोवणीच्या दिवसांत हा प्लग लावलाच पाहिजे, नाहीतर चिखलाचं पाणी थेट क्लचमध्ये जातं. मात्र चिखलणी संपल्याच्या दिवशी तो काढायचा. प्लग तसाच राहिला तर आत गळलेलं तेल आणि साचलेलं पाणी बाहेर जायला वाट उरत नाही आणि सील फुटल्याचं कळायला सहा महिने लागतात.

घसरण्याच्या उलट दुखणं म्हणजे क्लच न सुटणं. पेडल पूर्ण दाबलं तरी गिअर करकरतो, रिव्हर्स टाकताना दातावर दात आपटतात, कधी ट्रॅक्टर ब्रेक लावलेला असूनही पुढे रेटत राहतो. इथे एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. जुन्या ट्रॅक्टरांच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नसतो, त्यामुळे पेडल दाबल्या दाबल्या गिअर टाकला तर निरोगी क्लचही करकरतो. इंजिन मंद ठेवा, पेडल तळाला न्या, आठ-दहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. गुपचूप पडला तर क्लच ठीक आहे, सवय बदला. एवढं थांबूनही करकरला तर क्लच सुटत नाही.

इथेही पहिली तपासणी प्लेचीच. घसरताना प्ले कमी सापडतो, न सुटताना तो बहुधा जास्त सापडतो. पेडलचा अर्धा प्रवास फटीतच वाया गेला तर उरलेल्या प्रवासात फिंगर पुरेसे दाबले जात नाहीत. पिना खाल्ल्या असतील, सळई वाकली असेल किंवा फोर्क आडव्या शाफ्टवर सैल झाला असेल तरी हेच होतं. पेडलखाली साचून वाळलेला चिखल किंवा जाड रबरी मॅट यांनीही पेडल तळाला जात नाही. हे सांगायला साधं वाटतं, पण या कारणाने उघडलेले ट्रॅक्टर असतात. बाहेरचं सगळं ठीक असेल तर दोष आत: वाकडी झालेली प्लेट, गंजलेल्या स्प्लाइनवर न सरकणारा हब, वरखाली झालेले फिंगर किंवा फ्लायव्हीलच्या मध्यावर जाम झालेलं पायलट बेअरिंग. हे बेअरिंग इनपुट शाफ्टचं पुढचं टोक पेलतं. ते जाम झालं की प्लेट मोकळी असूनही शाफ्ट फ्लायव्हीलबरोबर फिरत राहतो.

आणखी एक प्रकार पावसाळ्यानंतर हमखास आढळतो. ट्रॅक्टर जूनपासून पत्र्याच्या आडोशाला उभा राहिला. दमट हवेने फ्लायव्हीलवर गंज चढला आणि लाइनिंग त्याला चिकटून बसलं. दसऱ्याला ट्रॅक्टर काढायला जावं तर पेडल नेहमीसारखं दबतं, प्ले बरोबर आहे, पण एकही गिअर पडत नाही. अशा ट्रॅक्टरची प्लेट बहुधा शाबूत असते. इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू करून अर्धा तास चालू द्या, हाउसिंग तापू द्या आणि अधूनमधून पेडल दाबा. कधी एवढ्यानेच सुटतं. नाही सुटलं तर इंजिन बंद करून खालचा गिअर टाका, ट्रॅक्टर मोठ्या, मोकळ्या, सपाट शेतात ठेवा आणि सीटवर बसून स्टार्टर मारा. ट्रॅक्टर लगेच चालू लागेल. पेडल पूर्ण दाबून धरून ब्रेक थोडे थोडे लावत राहा. झटक्याने प्लेट सुटते.

हे काम करताना जिवाला जपा. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांना गिअरमध्ये स्टार्ट होऊ न देणारा सुरक्षेचा स्विच नसतो. समोर भिंत, विहीर, बांध किंवा माणूस नको, इंजिन बंद करायचा नॉब आधी ओढून तो चालतो याची खात्री हवी आणि खाली उभं राहून स्क्रू ड्रायव्हरने स्टार्टरचे टर्मिनल जोडून ट्रॅक्टर कधीच सुरू करू नये. तसा सुरू झालेला ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो समोरच्यालाच चिरडतो. आपल्याकडे या एका सवयीने माणसं गेली आहेत. पुढच्या वर्षी प्लेट चिकटू द्यायची नसेल तर ट्रॅक्टर उभा करून ठेवताना पेडल दाबून त्याच्यात लाकडाचा ठोकळा अडकवून ठेवा. प्लेट फ्लायव्हीलपासून सुटी राहते.

आवाजाचं निदान फार सरळ आहे. पेडलवर नुसता पाय टेकवताच घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. पेडल पूर्ण दाबून गिअर टाकल्यावरच आवाज येत असेल तर पायलट बेअरिंग. पाय उचललेला असताना आवाज येतो आणि पेडल दाबलं की थांबतो, तर तो क्लचचा नाहीच, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा आहे, त्यासाठी क्लच खोलू नका. पेडल सोडताना ट्रॅक्टर थरथरत झटके देत असेल तर लाइनिंगवरचं तेल, हबमधल्या तुटलेल्या स्प्रिंगा, असमान फिंगर किंवा सैल झालेले हाउसिंगचे बोल्ट हे बघावं. बोल्ट आधी, कारण ते बाहेरून आवळता येतात.

दुहेरी क्लचवाल्यांसाठी थोडं वेगळं. टीई-२० ला एकच क्लच होता, पेडल दाबलं की चाकांबरोबर पीटीओ, म्हणजे अवजारं फिरवणारा मागचा शाफ्टही थांबे आणि हायड्रॉलिक पंपही. ३५ मॉडेलच्या वरच्या आवृत्तीत दोन टप्प्यांचा क्लच आला. अर्धं पेडल दाबलं की चाकं थांबतात, पीटीओ चालू राहतो. तळापर्यंत दाबलं की पीटीओही थांबतो. रोटाव्हेटर आणि मळणीयंत्र चालवणाऱ्याला याचा मोठा उपयोग आहे. पण तक्रार ऐकताना कोणत्या टप्प्याची आहे हे विचारलंच पाहिजे. गिअर नीट पडतो आणि पीटीओ मात्र थांबत नाही, तर बाहेरची सळई फिरवून भागत नाही. दुसऱ्या टप्प्याची फट हाउसिंगच्या बाजूच्या झाकणातून आतल्या लिव्हरवर, फीलर गेजने लावावी लागते, आणि सगळ्या लिव्हरवर ती सारखी हवी. हे अंदाजाने करण्याचं काम नाही.

एवढं करूनही खोलावं लागलं तर खोला, पण अर्धवट काम करू नका. मॅसीच्या घडणीत पुढचा धुरा मधल्या एका पिनेवर डुलतो. म्हणून भाग वेगळे करण्याआधी धुरा आणि त्याच्या वरचा आधार यांच्यात दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्याच पाहिजेत, नाहीतर इंजिन एका बाजूला कलंडतं. आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लाइनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, त्याचे धागे फुप्फुसात जाऊन बसतात. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पुरून टाका. प्लेट बदलताना रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि दोन्ही बाजूंची सीलं त्याच वेळी नवी टाका. फ्लायव्हीलवर खाचा किंवा निळे डाग असतील तर ते लेथवर घासून घ्या. स्प्लाइनवर ग्रीसचा पुसटसा थर पुरतो, जास्त लावलं तर ते उडून नव्या लाइनिंगवर बसतं. दोन भाग परत जोडताना शेवटची बोटभर फट बोल्ट आवळून कधीच मिटवू नका. फट उरली याचा अर्थ शाफ्टचे दात प्लेटच्या खाचांत बसलेले नाहीत. गिअर टाकून मागचं चाक हळूहळू फिरवलं की ते बसतात आणि दोन्ही भाग हाताच्या रेट्याने मिळतात. बोल्टने ओढले तर नव्या प्लेटचा हब त्याच क्षणी वाकतो.

नवी प्लेट बसली की पहिले काही दिवस ट्रॅक्टरला हलकी कामं द्या, भरलेल्या ट्रॉल्या लगेच जोडू नका. चालवताना पाय पेडलवर टेकवून ठेवू नका आणि चढावर अर्ध्या क्लचवर ट्रॅक्टर तोलून धरू नका, त्यासाठी ब्रेक आहे. नवं लाइनिंग बसतं तेव्हा प्ले झपाट्याने कमी होतो, म्हणून पहिल्या आठवड्याच्या शेवटी तो पुन्हा मोजून लावा आणि तारीख, तासांचा आकडा व प्लेचं माप टूलबॉक्समधल्या वहीत लिहून ठेवा.